सड्यावरचे तीन किलोमीटर: नववी ते बारावी

नववीत असताना मी 'क्रॉस कंट्री', म्हणजे ट्रॅक सोडून माळावरून-शेतांतून धावायची शर्यत, असं मराठीत सर्च केलं होतं तेव्हा धावण्याचे दहा फायदे वगैरे सोडून काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. आता बारावीची परीक्षा संपून महिना झाला, निकाल यायचाय, हातात वेळ आहे, म्हणून चार वर्षांत काय काय झालं ते सगळं लिहून काढतेय. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. धावण्यात मी कोणी मोठी नाही, राज्यात माझा सगळ्यात वरचा नंबर सातवा आहे आणि नॅशनलला मी कधी गेलेली नाही. पण चार वर्षं धावले, मधलं वर्षभर नुसती मागे मागे गेले आणि मग परत वर आले, आणि त्या वर्षात मला एवढंच हवं होतं की कोणीतरी सांगावं, हे असं होतं, तुझं एकटीचं नाही.

तर जून 2022. कोविडमुळे सातवी घरात मोबाईलसमोर गेलेली, आठवी अर्धीमुर्धी, त्यामुळे नववीत शाळा नीट सुरू झाली तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मैदानाला एक चक्कर मारली तरी दम लागत होता. मैदानात घोट्याएवढं पाणी. पीई सर म्हणाले, इथे काही होणार नाही, चला सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं पठार, उन्हाळ्यात नुसता तापलेला तवा आणि पावसाळ्यात सगळं हिरवं, खड्ड्या-खड्ड्यात पाणी आणि दगडावर शेवाळ. सरांनी तिथे तीन किलोमीटरचा एक लूप ठरवलेला होता. देवळाच्या मागून चढ, वर बंद पडलेल्या चिरेखाणीला वळसा, मग काजूच्या झाडांमधून उतार आणि शेवटी शेताच्या बांधावरून परत देवळाशी. 3 जुलैला रविवारी पहिली ट्रायल झाली. मी 16 मिनिटं 40 सेकंदांत आले, त्यातला चढ बराचसा चालत. चिरेखाणीशी बरगडीखाली अशी कळ आली की मी तिथेच बसले आणि माझ्या मागच्या दोघी पुढे निघून गेल्या.

सरांनी त्या दिवशी सगळ्यांना दोनशे पानी वह्या घ्यायला लावल्या. त्यांचं म्हणणं होतं की ट्रॅकवरचं 1500 मीटर सगळीकडे 1500 मीटरच असतं, पण क्रॉस कंट्रीत एका ठिकाणी चिखल, दुसऱ्या ठिकाणी चढ, तिसऱ्या ठिकाणी भात कापलेल्या शेतातले बुडखे, म्हणून एका स्पर्धेचं टायमिंग दुसऱ्या स्पर्धेला लावून बघण्यात अर्थ नाही. आपली प्रगती बघायची तर आपलाच एक रस्ता पाहिजे आणि त्याच रस्त्यावर वर्षातून दोनदा, जुलैचा पहिला रविवार आणि डिसेंबरचा तिसरा (नाताळात कोणी येत नाही म्हणून तिसरा). बाकी दिवस घड्याळ बघायचं नाही. हे तुमच्याकडे कोणी करत नसेल तर तुम्ही स्वतः करा, खूप उपयोगी आहे. वहीत वेळ, पाऊस होता की नाही, झोप किती झाली, काय खाल्लं आणि मुलींनी पाळीची तारीख, एवढं लिहायचं. पाळीची तारीख सरांनी नाही सांगितली, ती मी अकरावीत डॉक्टरांनी सांगितल्यावर लिहायला लागले, आधीपासून लिहिली असती तर बरंच वाचलं असतं.

पहिल्या वर्षी मी स्पर्धेत धावलेच नाही आणि त्याचं कारण आधार कार्ड. तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेतून एंट्री जाते, त्याला जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि पासपोर्ट फोटो लागतात. माझ्या जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. एंट्री करताना ते जुळेना. मग पप्पा एक दिवस रजा काढून मला आधार सेंटरला घेऊन गेले, तिथे त्या दिवशी मशीन बंद, दुसऱ्या खेपेला काम झालं, फी 50 रुपये, आणि कार्ड दुरुस्त होऊन यायला 12 दिवस. तोवर एंट्रीची तारीख होऊन गेली होती. मला फार वाईट वाटलं, रात्री जेवले नाही. पण सर म्हणाले तू तरी चल, आणि मी छत्री घेऊन कडेला उभी राहून ती स्पर्धा बघितली. बरं झालं बघितली. शिट्टी वाजली की सगळ्या मुली अशा सुटल्या जशी शंभर मीटरचीच रेस आहे, आणि पहिल्याच चढावर पुढच्या आठ-दहा जणींपैकी अर्ध्या चालायला लागल्या. जी पहिली आली ती सुरुवातीला पंधराव्या-सोळाव्या नंबरवर होती, मी मोजलं होतं. जून लागायच्या आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हीवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर अक्षर ताडून बघा. ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कायमच्या ठेवा, पावसात कागदांचं काय होतं ते गोव्यात सांगायला नको.

सराव आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस आरामात, म्हणजे बाजूच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतक्या हळू, आणि एक दिवस फार्टलेक, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढच्या दोन खांबांपर्यंत हळू. मला तेव्हा वाटायचं की हळू धावून कोणी फास्ट होतं का. पण होतं. सुरुवातीला आठवड्याचे मिळून 12 किलोमीटर होते, ते हळूहळू वाढवत डिसेंबरपर्यंत 25 झाले. पहाटे पावणेसहाला निघायचो कारण साडेसातनंतर आपल्याकडचा दमटपणा अंगावर गोणपाट टाकल्यासारखा होतो. बूट म्हापशातून घेतले, 1799 रुपये, आणि पावसाळ्यात ते एकदा भिजले की दोन दिवस वाळतच नाहीत. त्यावर आजीने उपाय काढला. आत जुन्या पेपरचे बोळे घट्ट कोंबायचे, दोन तासांनी काढून दुसरे कोंबायचे आणि बूट रात्रभर फ्रीजच्या मागे ठेवायचे, सकाळी बऱ्यापैकी कोरडे. उन्हात मात्र कडक वाळवू नका, माझ्या पहिल्या जोडीचा सोल त्याने सुटला.

18 डिसेंबर 2022ला दुसरी ट्रायल: 14:32. पाच महिन्यांत दोन मिनिटं आठ सेकंद कमी! मला वाटलं मी आता थांबत नाही, अशीच गेले तर बारावीत कुठे असेन याची गणितं मी वहीच्या मागच्या पानावर केली होती. सरांनी ते पान बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाय, हे पहिल्या वर्षाचं आहे, तुझं अजून यायचंय." तेव्हा कळलं नाही. आता कळतं. जो कधी धावलेला नाही तो नीट धावायला लागला की सगळं एकदमच सुधारतं, रक्त वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं, पाय दगडावर कुठे टाकायचा ते समजतं आणि मुख्य म्हणजे पहिल्या पाचशे मीटरमध्ये जीव काढायचा नाही हे समजतं. हे सगळं एकदाच मिळतं. दुसऱ्या वर्षी तेवढ्याच कष्टात तेवढं मिळत नाही.

दहावी. 2 जुलै 2023ला 14:20, म्हणजे सहा महिन्यांत फक्त बारा सेकंद. ऑगस्टमध्ये माझी पहिली तालुका स्पर्धा. चेस्ट नंबर लावायला चार सेफ्टी पिना घरून घेऊन जा, तिथे कधीच पुरत नाहीत. फिनिशला रांगेत उभं करून हातात नंबराचं टोकन देतात ते टेबलावर नेऊन दिल्याशिवाय नंबर धरत नाहीत, माझ्या पुढची एक मुलगी टोकन हातात घेऊन तशीच आईकडे पळाली आणि मग तिला शोधायला माणूस पाठवावा लागला. मी चौथी आले आणि राज्याच्या स्पर्धेत एकविसावी. मग चवथ (गणेश चतुर्थी) आली, आठ दिवस नेवऱ्या (करंज्या) आणि पाहुणे आणि सराव बंद, ते आपल्याकडे सगळ्यांचंच.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या आणि अॅथलेटिक्स बांबोळीच्या स्टेडियमवर होतं. सर आम्हा सात जणांना कदंबच्या सरकारी बसने घेऊन गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा 10,000 मीटर बघितली, 25 फेऱ्या, आणि त्या बायकांचे पाय शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीसारखेच पडत होते, आवाजच नाही. मी रेलिंगला अगदी चिकटून उभी होते, त्या समोरून गेल्या की वारा लागायचा. येताना बसमध्ये सरांनी अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शाळेला पायीच जायचा, पुढे आर्मीत गेल्यावर क्रॉस कंट्री धावायला लागला आणि तिथून 3000 मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीला, वळला. 2018मध्ये त्याने 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, 8:29.80. पुढचं मी नंतर स्वतः वहीत लिहून ठेवलं: जुलै 2024मध्ये पॅरिसला 8:09.91. म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या माणसाला वीस सेकंदांना सहा वर्षं लागली आणि ते वीस सेकंद त्याने एकदम नाही, दहा वेळा विक्रम मोडून थोडे थोडे काढले.

पण मी मागे जायला लागले होते. 17 डिसेंबर 2023, 14:58. पाऊस नाही, चिखल नाही, रस्ता सुका खडखडीत आणि अडतीस सेकंद जास्त. मी फिनिशला घड्याळ बघितलं आणि सरांना म्हटलं चुकलंय तुमचं. चुकलं नव्हतं. त्या वर्षात माझी उंची चार सेंटिमीटर वाढली होती, वजन 42चं 48 झालं होतं, अंग सगळंच बदललं होतं आणि धावताना पाय माझे नाहीतच असं वाटायचं. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, नववीच्या जुलैत माझ्या पुढे दीडच मिनिट होता, त्याचा वेळ दर ट्रायलला कमी कमी होत चालला होता, तेवढाच सराव, तेच सर, तोच रस्ता. मला त्याचा राग यायचा, म्हणजे त्याचा असा नाही, पण यायचा.

मग मैदानावर कुणीतरी मला म्हणालं की थोडं वजन उतरव, आपोआप फास्ट होशील. कोण ते लिहीत नाही, त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. मी रात्रीची चपाती बंद केली, भात बंद केला, सकाळची पेज बंद केली. समोर दहावीची परीक्षा, पहाटे अभ्यास, संध्याकाळी सराव आणि पोटात काही नाही. जानेवारीपासून माझी पाळी आली नाही. मी आईला सांगितलं नाही कारण मला वाटलं परीक्षेच्या टेन्शनने असेल आणि खरं सांगायचं तर ते बरंच वाटत होतं. एप्रिल 2024मध्ये दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात उजव्या नडगीत दुखायला लागलं. मुलींनी आणि मुलींच्या आयांनी हा भाग नीट वाचा, याच्यासाठीच मी एवढं सगळं लिहितेय.

7 जुलै 2024. अकरावी. 15:21. नववीच्या डिसेंबरपेक्षा हळू, म्हणजे दीड वर्षाचा सराव गेला कुठे. मी काजूच्या झाडाखाली जाऊन रडले. सर आले नाहीत जवळ, पण त्यांनी संध्याकाळी घरी आईला फोन केला आणि एवढंच म्हणाले की हिला डॉक्टरला दाखवा, सराव नंतर बघू.

डॉक्टरबाईंनी आधी नडगी दाबून बघितली. मला तेव्हा कळलं की नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं, हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं दुखत असेल तर ते बहुतेक वेळा विश्रांतीने आणि सराव कमी करून जातं, पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीला एक्सरेत दिसेलच असं नाही. माझं पसरलेलं होतं, तरी पाच आठवडे धावणं बंद, फक्त सायकल. मग त्यांनी विचारलं, पाळी नियमित आहे का. आई माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, जानेवारीपासून नाही. आई तिथे काही बोलली नाही. बसमध्ये पण नाही. घरी येऊन तिने भात लावला.

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. हिमोग्लोबिन 10.9, माझ्या वयाच्या मुलीला 12च्या वर पाहिजे. फेरिटिन 9, आणि 15च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपल्यात जमा. फेरिटिनची टेस्ट वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या रक्त तपासणीत ती नसते, मला प्रायव्हेट लॅबमध्ये 650 रुपये लागले. डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं, हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातले तांदूळ आणि फेरिटिन म्हणजे कोठीतले, कोठी रिकामी झाली तरी काही दिवस डबा भरलेला दिसतो पण तुझा आता डबापण खाली चाललाय. धावणाऱ्या मुलींत हे खूप दिसतं, पाळीत रक्त जातं, घामातून आणि पाय आपटूनही थोडं लोह जातं आणि त्यात जेवण कमी. पाळी बंद होणं म्हणजे शरीर सांगतंय की धावून उरलेल्या ऊर्जेत माझं घर चालत नाही, आणि ते तसंच राहिलं तर हाडंसुद्धा कच्ची राहतात, आणि हाडं भरायचं वय हेच आहे. याला वैद्यकशास्त्रात रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014मध्ये हे नाव दिलं. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते.

लोहाच्या गोळ्या तीन महिने. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोट बिघडतं, मला दोनदा गोळी बदलून घ्यावी लागली. स्वतःच्या मनाने मात्र कोणी घेऊ नका, जास्त लोहसुद्धा वाईट, आधी टेस्ट आणि मग डॉक्टर सांगतील तेवढंच. बाकी आजीने ताबा घेतला. सकाळी नाचण्याचं सत्त्व गूळ घालून, दहा वाजता शाळेत डब्यात चपाती आणि अळसांद्याची भाजी, दुपारी मासे आणि भात पोटभर, संध्याकाळी सरावाहून आल्या आल्या आधी काहीतरी पोटात आणि मग अंघोळ. तांबडी भाजी आठवड्यातून तीनदा. वजन 51 झालं. पाळी सप्टेंबरमध्ये, चवथीच्या दुसऱ्या दिवशी आली आणि मला त्या वर्षी देवाजवळ जाता आलं नाही, पण आई मोदकाचं ताट घेऊन आतल्या खोलीत माझ्यापाशी येऊन बसली आणि आम्ही दोघींनी तिथेच खाल्लं.

घरी बसलेल्या त्या पाच आठवड्यांत मी खूप वाचलं. अमेरिकेत शाळेचं क्रॉस कंट्री फार मोठं आहे, नववी ते बारावी चार वर्षं, पावसाळा संपल्यावर आपल्याकडे शाळेत जेव्हा सहामाही चालते साधारण त्या दिवसांत तिकडे सीझन असतो, बहुतेक ठिकाणी 5 किलोमीटर. एका टीमच्या सात जणी धावतात, पहिल्या पाच जणींचे नंबर धरून बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ते जिंकतात, म्हणजे पहिले पाचही नंबर एकाच टीमचे आले तर 15, त्याहून कमी होऊच शकत नाही. टीममध्ये सहाव्या-सातव्या येणाऱ्या मुलींचे पॉइंट धरत नाहीत पण त्या दुसऱ्या टीमच्या कोणाच्या पुढे आल्या तर तिचा नंबर मागे ढकलतात, म्हणून त्यांचंही धावणं वाया जात नाही. आणि तिथे प्रत्येक रेसचं टायमिंग नोंदलेलं राहतं म्हणून एका मुलीचं चार वर्षांत काय झालं ते कोणालाही बघता येतं. त्यात जे दिसतं ते माझ्या वहीत होतं! सगळ्यात मोठी उडी पहिल्या वर्षात, मग दरवर्षी थोडी कमी. मुलगे साधारण शेवटपर्यंत सुधारत राहतात कारण त्या वयात टेस्टोस्टेरॉनमुळे त्यांचं हृदय, स्नायू, हिमोग्लोबिन सगळंच वाढत असतं. मुलींचं तसं नाही, पुष्कळ मुली पंधरा-सोळाच्या आसपास एक-दोन वर्षं अडकतात किंवा मागे जातात कारण शरीर बाईचं होत असतं, आणि ज्या खात-पीत टिकून राहतात त्यातल्या बऱ्याच जणी नंतर परत वर येतात. जी मुलगी चौदाव्या वर्षी सगळ्यात पुढे असते तीच अठराव्या वर्षी असेल असं अजिबात नाही. मी ते आईला वाचून दाखवलं. ग्रुपमधल्या त्या मुलाबद्दलचा माझा रागही तिथेच संपला, नोव्हेंबरमध्ये मी त्याला माझी वही दाखवली आणि तो मला म्हणाला मला वाटलं तू सराव कमी केलास.

त्या वर्षी मी तालुक्याला उतरले नाही. ऑगस्टअखेर परत चालणं-धावणं सुरू, एक मिनिट धावायचं एक मिनिट चालायचं, दहा वेळा. 15 डिसेंबर 2024ची ट्रायल 14:05. माझा तोवरचा सगळ्यात चांगला वेळ, आणि 51 किलो वजनात. मी वहीत वजन आणि वेळ शेजारी शेजारी लिहिले.

बारावीला सराव वाढवला नाही, फक्त मोडू दिला नाही. आठवड्याचे 35 किलोमीटर, एक दिवस चढ, एक दिवस लांब मयेच्या तळ्याकडून, बाकी आरामात, आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी. फेरिटिन परत तपासलं तर 34. 6 जुलै 2025ला 13:38. आता मी 19 वर्षांखालच्या गटात होते. वयाचे गट शाळेच्या स्पर्धांत 14, 17, 19 असे आहेत आणि अॅथलेटिक्स फेडरेशनच्या स्पर्धांत 16, 18, 20, यात आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी गोंधळतं. फेडरेशनच्या स्पर्धेत उतरायचं तर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर लागतो, तो ऑनलाइन काढायचा, त्यालाही परत जन्मदाखला आणि आधार. वयाबद्दल शंका असेल तर मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, त्यामुळे वय लपवायच्या भानगडीत कोणी पडू नका.

तालुक्यात दुसरी आले. राज्याच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री धो धो पाऊस होता, सकाळी थांबला पण शेताच्या कडेचा चिखल पोटरीपर्यंत. बुटांच्या लेस मी दुहेरी गाठ मारून वरून चिकटपट्टी लावली होती. सुरुवातीला मी मुद्दाम मागे राहिले, विसाव्या नंबरच्या आसपास, पुढे सगळ्या एकमेकींना ढकलत होत्या. बांधावर एकाच वेळी एकच जण जाऊ शकते तिथे मला थांबावं लागलं आणि वाटलं गेलं सगळं. पण पुढच्या चढावर त्या सगळ्यांचे श्वास मला ऐकू यायला लागले, फाटल्यासारखे, आणि माझा मला ऐकू येत नव्हता. एकेकीला मागे टाकताना मी मोजत होते, चौदा, तेरा, अकरा. एकीचा बूट चिखलात राहिला होता आणि ती एका पायात मोजा घालूनच धावत होती, ती माझ्या आधी आली, सहावी. टोकनवर 7. आजीला फोन केला तर तिने पहिलं विचारलं, खाल्लंस का.

21 डिसेंबर 2025, शेवटची ट्रायल, 13:02. चार वर्षांत मिळून तीन मिनिटं अडतीस सेकंद. त्यातले दोन मिनिटं आठ सेकंद पहिल्या पाच महिन्यांतले आणि उरलेल्या नव्वद सेकंदांना तीन वर्षं. माझ्यासाठी त्या नव्वदची किंमत जास्त आहे.

पैशांचं विचाराल तर चार वर्षांत बूट पाच जोड्या, डॉक्टर, टेस्ट, बसभाडं धरून साधारण 16-17 हजार गेले, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) मी घेतलेच नाहीत, आपल्या जांभ्यावर ते चालत नाहीत. बोर्डाच्या क्रीडा गुणांसाठी शाळेकडून कागद जातात, त्यासाठी सर्टिफिकेट लागतं आणि माझ्या राज्याच्या सर्टिफिकेटवर नाव चुकीचं आलं होतं, ते दुरुस्त होऊन यायला अर्ज, शाळेचं पत्र, चार खेपा आणि जवळपास चार महिने. हातात पडल्या पडल्या तिथेच टेबलासमोर उभं राहून नाव, गट, वर्ष वाचून घ्या. आणि लॅमिनेट करू नका, मागे सही-शिक्का लागला तर मारता येत नाही.

डिसेंबरच्या त्या ट्रायलला माझी धाकटी बहीणपण आली होती, आठवीतली. 18:26, आणि चिरेखाणीशी बसली, बरोबर त्याच दगडावर. वही तिने जांभळी घेतलीय. तिच्या आधारवरचं स्पेलिंग आम्ही मार्चमध्येच दुरुस्त करून घेतलं, आता 75 रुपये लागतात.